ओट्यापुढची तहानलेली फरशी

मित्रांनो, शिंदखेड्याच्या एका साध्या घरात, स्वयंपाकाच्या ओट्यापुढे डाव्या हाताला खाली पाहिलंत, तर तुम्हांला मी दिसेन. बाकीच्या फरश्यांची खडी पांढरी आणि काळी आहे. माझ्या अंगात दोन-चार तांबूस खडे जास्त आहेत, त्यावरून मला ओळखा. मी मोझॅकची फरशी आहे, दहा इंच लांब आणि दहा इंच रुंद. माझ्यावर पाय पडला तर आता आवाज येत नाही. पण सात वर्षं येत होता. तो का येत होता आणि कसा गेला, ते मी तुम्हांला सांगते.

माझा जन्म जळगावच्या एका कारखान्यात झाला. लोखंडी साच्यात आधी सिमेंट आणि संगमरवराची बारीक खडी ओतली, वर कोरडा माल टाकला आणि यंत्राने जोरात दाब दिला. दुसऱ्या दिवशी मला पाण्याच्या हौदात सोडलं. तिथे शेकडो बहिणींबरोबर मी दहा-बारा दिवस पडून होते. आम्हां फरश्यांचं बालपण पाण्यात जातं. पाणी पिऊनच आमचं अंग घट्ट होतं. पुढे मला घासलं, पुसलं आणि भिंतीशी उभं करून ठेवलं.

एकोणनव्वद सालच्या मे महिन्यात एक उंच, हडकुळे गृहस्थ तिथे आले. डोक्याला पांढरी टोपी, हातात रिकामी पिशवी. त्यांनी सगळी रांग हाताने चाचपली आणि म्हणाले, "एक फरशी पाहिजे."

"किती पेट्या?"

"पेट्या नाही. एक. फक्त एक."

कारखान्यातली माणसं हसली. त्या गृहस्थांचं नाव सुकदेवभाऊ. शिंदखेड्याच्या जिनिंगमध्ये ते कापूस तोलायचं काम करत. एका फरशीसाठी ते पॅसेंजर गाडीने जळगावपर्यंत का आले, हे सांगायला मला थोडं मागे जावं लागेल. ती हकिकत मी घरात बसल्यावर ऐकली.

सुकदेवभाऊंच्या घरात मातीची जमीन होती. त्यांची पत्नी भिकुबाई दर चौथ्या दिवशी शेणाने सारवायच्या. गुडघ्यांवर बसून, उजवा तळवा सपाट पसरून, उजवीकडून डावीकडे. जमिनीवर त्यांच्या बोटांच्या अर्धगोल रेषा उठत, एकीला लागून दुसरी, सगळ्या सारख्या. गल्लीतल्या बाया म्हणत, भिकुबाईचं सारवण पाहावं. पण भिकुबाईंचे गुडघे दुखू लागले होते. त्यात त्यांच्या एकुलत्या लेकीचं, कमलचं, माघात लग्न झालं. सासर धुळ्याला, घर फरशीचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक पहिल्यांदा माहेरी येणार होती आणि तिला सोडायला जावई येणार होते. खान्देशात दिवाळी एक वेळ हुकेल, आखाजी हुकत नाही. सुकदेवभाऊंनी ठरवलं, आखाजीच्या आत घरात फरशी बसली पाहिजे.

त्यांनी हनीफभाईंना बोलावलं. हनीफभाई गावातले जुने मिस्तरी, हात सरळ आणि तोंडही सरळ. ते रोजे धरून काम करत होते. पहाटेच येत, दुपारी ऊन चढलं की घरी जात. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "सुकदेवभाऊ, भरावले मुरूम आना. काळी माती नको. ती पावसायामा फुगस आनि उन्हायामा फाटस."

"आरे, माती ती माती. दाबी दिसूत," सुकदेवभाऊ म्हणाले, आणि एका शेतातून गाडीभर काळी माती घेऊन आले.

न्हाणीत हनीफभाई मोरीच्या तोंडाकडे ढाळ काढू लागले, तर सुकदेवभाऊंनी त्यांचा हात धरला. "वाकडी दिसस. ताटसारखी सपाट कर."

"भाऊ, पानी कोठे जाई?"

"जाई, जाई. पानीले वाट माहीत ऱ्हास."

पाण्याला वाट माहीत नव्हती. ते न्हाणीतच राहिलं. पुढे रोज आंघोळी झाल्या की भिकुबाई खराट्याने पाणी लोटत आणि बाहेरच्या खोलीकडे तोंड करून मोठ्याने म्हणत, "कमलना आबा, तुम्हना ताटमा पानी भरायनं. मीठ टाका नि जेवाले बठा!"

हनीफभाईंनी आणखी एक सांगितलं होतं, की दहा फरश्या जास्तीच्या आणा. सुकदेवभाऊंनी खोल्या मोजल्या आणि जळगावहून बरोबर तेवढ्याच आणल्या. आयुष्यभर काट्यावर तोलणारा माणूस, जास्तीचं त्यांना पटत नसे. गाडीतून उतरवताना एक फरशी फुटली. सगळं घर पुरं झालं आणि ओट्यापुढे डावीकडे एका फरशीची जागा उघडी राहिली.

त्या वर्षी ईद आणि आखाजी अगदी लागून आल्या होत्या. हनीफभाई अवजारं धुऊन निघाले. जाताना म्हणाले, "फरशी आनी ठेवा. ईद झायनी का मी येस, मंग बसाडसू. तवलोंग हात लावू नका. आनि आनशात तवय तिले घंगाळमा बुडाडी ठेवा. फरशी बी मान्साससारखी शे भाऊ, तिले तहान लागस."

म्हणून सुकदेवभाऊ माझ्यासाठी जळगावला आले. परतीच्या गाडीत मी त्यांच्या मांडीवर होते, उपरण्यात गुंडाळलेली. अमळनेरला चढलेल्या एका म्हातारबाबांनी विचारलं, "काय शे भाऊ? पाटा शे का?"

"फरशी."

"एकच?"

"एकच. बाकी घर झायनं."

"मंग धरी ठेवा," म्हातारबाबा म्हणाले, "नही त घरले खड्डा पडी."

सुकदेवभाऊंनी मला दोन्ही हातांनी धरलं ते शिंदखेडा येईपर्यंत सोडलं नाही. मित्रांनो, इतक्या मायेने आणलेल्या फरशीला पुढे इतका त्रास का झाला, असं तुम्हांला वाटेल. चूक नेहमी रागाने होते असं नाही. पुष्कळदा ती घाईने होते, आणि घाई मायेपोटी झालेली असते.

आम्ही घरी पोचलो तेव्हा दुसऱ्या दिवशी आखाजी होती. भिकुबाई सांजोऱ्या तळत होत्या. सुकदेवभाऊंना ती उघडी जागा बघवेना. जावई ओट्याकडे पाहतील आणि तिथे खड्डा दिसेल. त्यांनी उरलेली वाळू आणि सिमेंट कालवलं.

भिकुबाई म्हणाल्या, "हनीफभाऊ सांगी गया ना, आधी पानी पाजनं पडस म्हनीसन?"

"नळले पानी चौथा दिनले येस, कमलनी माय. फरशीले पाजूत तर पाव्हनासले काय पाजूत?"

ते खरंच होतं. भिकुबाईंनी कढई उतरवली आणि त्या मदतीला खाली बसल्या. सुकदेवभाऊंनी माल ओतला. माल पसरायची थापी तर हनीफभाई घेऊन गेले होते. मग भिकुबाईंनी हाताला पाणी लावलं, तळवा पसरला आणि तो माल सारवला. उजवीकडून डावीकडे, अर्धगोल, जशी त्यांनी तीस वर्षं जमीन सारवली तसाच. गुळगुळीत, सुरेख.

फरशीखालचा माल असा गुळगुळीत करत नाहीत, मित्रांनो. तो खडबडीत ठेवतात, मधे किंचित उंच, म्हणजे फरशी दाबली की तो सगळीकडे पसरून तिच्या पाठीला धरतो. पण त्या घरात जमीन म्हणजे सारवण, दुसरं कोणाला माहीत? सुकदेवभाऊंनी मला वर ठेवलं आणि मुठीने ठोकलं. मी वैशाखाच्या उन्हाने कोरडीठाक पडले होते. मी त्या मालातलं पाणी घटाघटा पिऊन टाकलं. ते मला पुरलं नाही आणि मालालाही उरलं नाही. मला धरण्याआधीच तो वाळून गेला. भिकुबाईंच्या बोटांच्या रेषा माझ्या पाठीखाली तशाच राहिल्या, आणि मी त्यांच्यावर नुसती टेकून बसले.

दुसऱ्या दिवशी घरभर बायका होत्या. कमल माहेरी आली होती. अंगणात झोका होता, गाणी होती, माझ्यावरून पन्नास पाय गेले. दुपारपर्यंत मी हलू लागले. डाव्या कोपऱ्यावर पाय पडला की आवाज येई, टक्.

ईद झाल्यावर हनीफभाई शिरखुर्म्याचा डबा घेऊन आले. थापीच्या मुठीने त्यांनी मला वाजवून पाहिलं. मान हलवली. "पोकळ शे. काढू का आतेच?"

"ऱ्हाऊ दे, भाऊ. कापूसना दिन सरले का पाहूत."

कापसाचे सात हंगाम सरले. मी तशीच होते.

ते दिवस वाईट नव्हते. भिकुबाई रोज मला ओल्या फडक्याने पुसत. चहा ठेवायला त्या ओट्याशी येत तेव्हा त्यांचा डावा पाय आधी माझ्यावर पडे. टक्. मग त्या वजन सारून उभ्या राहत. पुन्हा टक्. बाहेरच्या खोलीत सुकदेवभाऊ अंथरुणात डोळे मिटून पडलेले असत. दोन आवाज झाले की ते उठून बसत. त्यांना कोणी हाक मारायची गरज नव्हती. सकाळ झाली, भिकुबाई उठल्या, चहा ठेवला, एवढं सगळं माझ्या आवाजात होतं.

भिकुबाई मात्र मला कंटाळल्या होत्या. पावसाळ्यात काळी माती फुगली की माझा कोपरा वर येई, उन्हाळ्यात खाली भेग पडली की मी जास्तच डुगडुगे. "कमलना आबा, हाई फरशी नीट करी ल्या. एक दिन कोनी तरी पडी." सुकदेवभाऊ म्हणत, "करसूत." त्या म्हणत, "तुम्हना करसूतले दाढी ऊनी!"

पंचाण्णवच्या थंडीत भिकुबाईंना कावीळ झाली. औषध झालं, धुळ्याच्या दवाखान्यात आठ दिवस झाले. नवव्या दिवशी त्या गेल्या.

घर पाहुण्यांनी भरलं आणि तेराव्यानंतर रिकामं झालं. सुकदेवभाऊ एकटे राहिले. स्वतःचा चहा स्वतः करू लागले. आणि मित्रांनो, एक गोष्ट फक्त मला कळली. ते माझ्यावर पाय ठेवत नव्हते. ओट्याशी यायचं तर उजवीकडून वळसा घालत, भिंतीला हात लावून उभे राहत. तो आवाज त्यांना स्वतःच्या पायाने करायचा नव्हता. सकाळी जाग आल्यावर ते थोडा वेळ पडून राहत, कान देऊन. मी गप्प. मग ते उठत.

चैत्रात कमल आली. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि आता कुठे तिला दिवस गेले होते. सातवा महिना चालू होता. किती नवस, किती डॉक्टर. ज्या आजीने हे सगळ्यांत जास्त मागितलं होतं, तीच पाहायला नव्हती. पहिल्याच दिवशी कमलच्या अंगठ्याला माझ्या कोपऱ्याची ठेच लागली.

"आबा, हाई फरशी बसाडी ल्या ना. माय बी कितला दिन सांगत व्हती."

"पाहूत."

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. शेवटी कमल रागावली. "आबा, मन्हा पोटमा पोर शे. तुम्हले फरशी जास्त का?"

सुकदेवभाऊ उठले. टोपी घालून बाहेर निघून गेले. कमल ओट्याशी उभी राहून रडली. मला बोलता आलं असतं तर मी तिला खरं सांगितलं असतं.

दोन दिवसांनी दुपारची गोष्ट. कमल बाहेरच्या खोलीत आडवी झाली होती. तिला चहा द्यावा म्हणून सुकदेवभाऊ ओट्याकडे आले. हातात दुधाचं पातेलं होतं, ते सांभाळण्याच्या नादात वळसा घ्यायचं राहून गेलं आणि त्यांचा डावा पाय माझ्यावर पडला. टक्. ते दचकून मागे झाले. पुन्हा टक्.

बाहेरून झोपेतला आवाज आला, "माय, चहा टाका का वं?"

सुकदेवभाऊ पातेलं धरून तसेच उभे. थोड्या वेळाने कमल दारात आली. डोळे पूर्ण उघडे.

"आबा, तुम्हले बी ऐकू ये?"

"तुन्ही माय व्हती तवय रोज ये. आते नही येत."

कमल खाली बसली आणि माझ्यावर हात ठेवला. "मंग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मी जपीसन चालसू."

मित्रांनो, त्या दिवशी मला फार बरं वाटलं. मला वाटलं, आपलं दुखणं कोणाच्या तरी उपयोगी आहे, आता असंच राहावं. पण सैल फरशीला कोणाची माया कळत नाही. ती आपली डुगडुगते.

चार दिवसांनी नळाला पाणी आलं. नको म्हटलेलं असताना कमलने भरलेली कळशी उचलली. डावा पाय माझ्यावर पडला, मी हलले, आणि तिचा तोल गेला. कळशी दणकन खाली आली. कमलने दोन्ही हातांनी ओट्याची कड धरली आणि लोंबकळल्यासारखी उभी राहिली. पडली नाही. पोटाला लागलं नाही. पण सुकदेवभाऊ दारातून हे पाहत होते. त्यांचं तोंड पांढरं पडलं. त्यांनी लेकीला धरून खाटेवर बसवलं, शेजारच्या बेबाबाईंना हाक मारून तिच्याजवळ बसवलं, आणि अनवाणीच हनीफभाईंच्या घराकडे निघाले.

हनीफभाई आता म्हातारे झाले होते, पण थापी तीच होती. त्यांनी पहार कोपऱ्यात घातली आणि मी सहज उचलली गेले. "पाहा, एक बोट बी धरेल नव्हती," ते म्हणाले, आणि पुढे बोलायचे थांबले.

खाली वाळलेल्या मालावर बोटांच्या रेषा होत्या. अर्धगोल, एकीला लागून दुसरी. हनीफभाईंनी ते सारवण गल्लीतल्या सगळ्यांसारखं अनेकदा पाहिलं होतं.

"भाभीना हात," ते हळूच म्हणाले.

कमल भिंत धरत आली आणि जड अंगाने खाली बसली. तिने आपली बोटं त्या रेषांवर ठेवली आणि उजवीकडून डावीकडे नेली. बोटं बरोबर बसली. सुकदेवभाऊ उभेच होते. बेबाबाईंनी पदराने नाक पुसलं.

हनीफभाईंनी थापी खाली ठेवली. "भाऊ, मी खोटं नही सांगाव. जुना माल ऱ्हायना तर नवा धराव नही. आठ दिनमा परत हालाले लागी. तुम्ही म्हनशात तर फरशी तशीच ठेवी देस नि जास."

सुकदेवभाऊंनी आधी लेकीकडे पाहिलं, मग त्या रेषांकडे. "फोड," ते म्हणाले.

"पक्कं?"

"ती सात वरीस सांगत व्हती, नीट करा म्हनीसन. आते तरी ऐकस तिन्हं."

मग हनीफभाईंच्या हातून छिन्नी त्यांनीच घेतली. त्यांना ठोकायची सवय नव्हती, पण दुसऱ्या कोणाला त्यांनी हात लावू दिला नाही. चुरा गोळा झाला तशी बेबाबाईंनी केरसुणी उचलली. हनीफभाईंनी त्यांना थांबवलं. "बाहेर नको टाकू. खाले माती बसेल शे, तठे भरनंच शे. मुरूमसंगे हाऊच चुरा दडपी देस." त्यांनी भेगाळलेली काळी माती काढली, मुरूम घातला, तो चुरा घातला, पाणी शिंपडलं आणि धुम्मसाने ठोकून घट्ट केलं.

इकडे सुकदेवभाऊंनी माळ्यावरून भिकुबाईंचं तांब्याचं घंगाळ काढलं, पाण्याने भरलं आणि मला त्यात अलगद सोडलं. माझ्या अंगातून बुडबुडे निघू लागले. हनीफभाई म्हणाले, "बुडबुडा बंद व्हतीन तवलोंग काढू नका." सुकदेवभाऊ घंगाळाशेजारी मांडी घालून बसले आणि बुडबुडे पाहत राहिले. मित्रांनो, एकोणनव्वद साली प्यायचं पाणी मी शहाण्णव साली प्याले. किती वेळ पीत होते, मला आठवत नाही. शेवटचा बुडबुडा फुटला तेव्हा सुकदेवभाऊ म्हणाले, "झायनं?" ते मलाच विचारत होते.

हनीफभाईंनी माल पसरला, खडबडीत, मधे किंचित उंच. मला ठेवलं, लाकडाने ठोकलं, लेव्हल लावून पाहिली, फटी सिमेंटने भरल्या. वर ओलं पोतं टाकलं. तीन दिवस कोणी पाय ठेवायचा नाही, असं बजावलं. सुकदेवभाऊंनी माझ्याभोवती चार विटा मांडल्या आणि तीन दिवस सकाळ-संध्याकाळ पोत्यावर पाणी शिंपडलं. चौथ्या दिवशी हनीफभाईंनी थापीची मूठ वाजवली. भरीव आवाज आला.

ज्येष्ठात कमलला मुलगी झाली. त्याच घंगाळात बेबाबाई तिला न्हाऊ घालत.

मित्रांनो, तुमच्या घरी कधी फरशी बसवायची असेल, तर मोठ्यांना माझी आठवण करून द्या. भराव चांगला घाला. न्हाणीला ढाळ ठेवा, पाण्याला वाट कोणीतरी दाखवावी लागते. चार फरश्या जास्तीच्या आणा. आम्हांला आधी पोटभर पाणी पाजा आणि बसवल्यावर तीन दिवस निवांत सोडा. सण थांबत नाही हे खरं, पण एक फरशी उघडी आहे म्हणून लेक माहेरी यायची थांबत नाही. आणि घरातलं कोणी एखादी गोष्ट नीट करा म्हणून सांगत असेल, तर ते माणूस सांगायला आहे तोवर ती करा.

सुकदेवभाऊ आता वळसा घालत नाहीत. रोज सकाळी ते दोन्ही पायांनी माझ्यावर उभे राहतात. आवाज येत नाही. तरी ते थोडे थांबतात, मग चहा ठेवतात.

परवा आखाजी झाली. कमल दहा महिन्यांच्या लेकीला घेऊन आली होती. भिकुबाईंच्या नावाने भरलेली मातीची घागर सुकदेवभाऊंनी माझ्यावर मांडली. ती जराही डगमगली नाही. जेवणं झाली, घागर उचलली, आणि वाटीतला आमरस सांडवत ती पोर रांगत माझ्यापाशी आली. तिने माझ्यावरच्या आमरसात तळवा ठेवला, बोटं पसरली आणि हात उजवीकडून डावीकडे नेला. माझ्या अंगावर चार अर्धगोल रेषा उठल्या.

सुकदेवभाऊ फडकं घेऊन पुसायला आले होते. ते खाली बसले, आणि बराच वेळ फडकं हातातच धरून राहिले.